हलकी म्हणे!

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला फोन आला. सर्व्हर उभाच राहीना. सकाळी मीच बिल्ड ईएसबिल्डवर नेला होता, सगळ्या टेस्ट हिरव्या बघून खूश होऊन.

भानगड निघाली आमच्या ‘हलक्या’ डिपेंडन्सी इंजेक्शन लायब्ररीत. टीएसिरिंज घ्या नाहीतर तिची भावंडं, कन्स्ट्रक्टरला काय हवंय हे त्या टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरने मागे ठेवलेल्या मेटाडेटावरून ओळखतात. ईएसबिल्ड तो मेटाडेटा बनवतच नाही. मग टेस्ट हिरव्या कशा? अहो, टेस्टमध्ये आम्ही सगळं हातानेच ‘न्यू’ करून देत होतो!

म्हणजे बघा, जिथे लायब्ररी नव्हती तिथेच कोड धड चालत होता. आणि ते हाताने देणं हेच डिपेंडन्सी इंजेक्शन. मार्टिन फाउलरने २००४ साली हे नाव रूढ केलं, तेव्हाही कन्स्ट्रक्टरमधून वस्तू देणं हा त्यातला एक सरळ प्रकार होताच. कंटेनर ही फक्त सोय.

बरं, इंटरफेस तर रनटाइमला उरतच नाहीत. मग त्यांच्यासाठी स्ट्रिंगची टोकन्स. एक अक्षर चुकलं तरी कंपायलर गप्प. मग टाइपस्क्रिप्ट घेतलं कशाला, शोभेला?

दोनशे क्लास असतील, प्रत्येक रिक्वेस्टला वेगळी ऑब्जेक्ट्स लागत असतील, तर खुशाल वापरा. आमचे क्लास तेवीस. रविवारी एका फाइलीत ओळीने ‘न्यू’ लिहून काढले, चहा थंड व्हायच्या आत. एक आर्ग्युमेंट मुद्दाम गाळलं, कंपायलर लगेच ओरडला.

सोमवारी रिव्ह्यूला टाकतोय. ‘जुनाट’ म्हणतीलच.