चाकाची टोपी

शोभा ही उपयोगाची लेक आहे. आईचें बोट सोडून ती एकटीच रस्त्यावर धांवूं लागली कीं अनर्थ ओढवतो. हें विधान पटवून देण्यासाठीं मोठमोठीं मंदिरें किंवा राजवाडे धुंडाळावयास नकोत. मोटारीच्या चाकाच्या मध्यभागीं बसविलेली धातूची टोपी तेवढी पुरेशी आहे. कारागीर तिला हबकॅप म्हणतात. हौसेनें जतन केलेल्या जुन्या मोटारींच्या चाकांवर कधीं कधीं दोन किंवा तीन पंख असलेली टोपी दिसते. तिला स्पिनर असें नांव आहे. अशी टोपी आपल्या मनाप्रमाणें आंखून, ओतवून व चकाकवून घेण्याचा छंद आज अनेक देशांत आहे, आणि आपल्याकडेहि जुन्या मोटारींचे शोकीन तिच्यासाठीं कारागिरांचे उंबरे झिजवितात.

शालेय वार्षिकांत हा विषय कोठून आला, असें एखादे पालक विचारतील. त्यांनीं आपल्या पाल्याची चित्रकलेची वही उघडून पाहावी. शासकीय रेखाकला परीक्षेस बसणारीं मुलें संकल्पचित्रासाठीं वर्तुळ काढतात, कर्तव्यभूमितीच्या नियमांनीं त्याचे तीन, सहा किंवा आठ सारखे भाग पाडतात, आणि प्रत्येक भागांत तीच आकृति पुनः बसवितात. त्या कागदी वर्तुळाला वजन आलें, तें वेगानें फिरूं लागलें आणि त्याच्या शेजारून माणसें चालूं लागलीं, म्हणजे तीच स्पिनरची टोपी होय. कागदावरील चूक रबरानें पुसतां येते. फिरत्या धातूची चूक दुसऱ्याच्या देहावर उमटते. एवढा एक फरक ज्याला कळला, त्याचें संकल्पकाचें शिक्षण खऱ्या अर्थानें सुरू झालें, असें माझें मत आहे.

प्रथम या पंखांचा जन्म कसा झाला तें पाहूं. आपल्या बंडीचें चाक निसटूं नये म्हणून आंसाच्या टोंकाला खीळ असते. खीळ काढली कीं चाक हातांत येतें. मोटारीचें चाक मात्र सामान्यतः चार-पांच नटांनीं आवळलेलें असतें आणि तें बदलण्यास वेळ लागतो. शर्यतीच्या मोटारींना एवढा वेळ परवडेना. तेव्हां इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील रज-व्हिटवर्थ या सायकलींच्या कंपनीनें, जॉन प्यू यांच्या कल्पनेनुसार, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तारांच्या आऱ्यांचें एक सुटें चाक प्रचारांत आणलें. चाक खांचांच्या तुंब्यावर सरकवावयाचें आणि मधोमध एकच मोठा नट फिरवून तें जखडावयाचें, अशी ही योजना होती. पुढें या नटाला पंख आले. तांब्याच्या किंवा शिशाच्या मऊ हातोड्यानें पंखावर ठोके दिले कीं नट आवळे किंवा सुटे. पाना शोधावयास नको कीं चार-पांच नट सांभाळावयास नकोत.

या योजनेंतील खरी चतुराई आट्यांत आहे. मोटारीच्या डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमींप्रमाणें उजवे, तर उजव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे, म्हणजे डावे ठेवलेले असतात. त्यामुळें गाडी पुढें जात असतां नटाचा कल सैल होण्याकडे नसून आवळला जाण्याकडे राहतो. डाव्या-उजव्यांची अदलाबदल झाली तर मात्र प्रवासांत चाक निसटण्याची भीति असते. पंख लांब कां, तर ठोका नीट बसावा म्हणून. ते सारख्या अंतरावर कां, तर नट फिरतांना तोल राहावा म्हणून. आरंभीं या टोपींत नुसत्या दिखाऊपणाची रेषा नव्हती, आणि म्हणूनच ती सुंदर दिसत होती.

पुढें शर्यती जिंकणाऱ्या मोटारींचें हें लक्षण लोकांच्या डोळ्यांत भरलें. ज्या चाकांना साधेच नट होते, त्यांवरहि पंखांच्या टोप्या बसूं लागल्या. अमेरिकेंतील ओल्ड्समोबील कंपनीच्या १९५३ च्या फिएस्टा मोटारीवरील तीन पंखांची टोपी इतकी लोकप्रिय झाली कीं तिच्या नकला अन्य मोटारींवर झळकूं लागल्या. हे पंख कांहींच आवळीत नव्हते. पंख राहिले, त्यांचें काम गेलें. आणि धोका मात्र जागच्या जागीं राहिला. चाकाबाहेर आलेला फिरता पंख पादचाऱ्याची पोटरी आणि सायकलस्वाराचा पाय यांची ओळख ठेवीत नाहीं. इ.स.पूर्व ३३१ मध्यें गॉगामेलाच्या रणांगणावर इराणच्या दारियस राजानें अलेक्झांडरविरुद्ध पातीं लावलेले रथ धाडले होते. त्याचा हेतु तरी उघड होता. शांततेच्या काळांत, केवळ हौसेपायीं तसलेंच हत्यार भर बाजारांतून मिरविणें यांत कोणती रसिकता?

अमेरिकेच्या सरकारनें १९६८ पासून मोटारींच्या चाकांच्या नटांवर व टोप्यांवर असे बाहेर आलेले पंख ठेवण्यास बंदी केली. कित्येक मोटारींवर पंखांच्या नटाऐवजीं कोनदार नट आले. १९९६ सालीं तो नियम रद्द झाला. पण नियम रद्द झाला म्हणून माणसाची पोटरी कांहीं लोखंडाची झाली नाहीं. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय परिवहन मंत्रालयानें मोटारीच्या तोंडाशीं बसविलेल्या लोखंडी आडव्या दांड्यांविरुद्ध राज्यांना लिहिलें, त्यांतहि पायीं चालणाऱ्याच्या जिवाचाच विचार होता. कायदे येतात आणि जातात. कारागिराचें कर्तव्य त्याहून जुनें आहे. पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्याला धाब्याभोंवतीं कठडा घालण्याची आज्ञा आहे. तो नसल्यामुळें कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. घर मालकाचें, पैसाहि मालकाचा; परंतु पडणारा परका असूं शकतो. चाकाची टोपी आंखणाऱ्यालाहि हाच न्याय लागू आहे. आमच्या बल्लारपुरांत तर तो अधिकच लागू आहे. कोळशाचे व लांकडाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून जातात, त्यांच्याच कडेनें मुलें सायकलीवरून शाळेला येतात.

मग पंखांची टोपी करूंच नये काय? असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. ती अवश्य करावी. मात्र कागदावर पहिली रेषा ओढण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं.

पहिला प्रश्न असा, कीं ही टोपी काय झांकणार आणि कशाच्या आधारानें राहणार? बेअरिंगमधील वंगण आंत राखणारें व धूळ बाहेर ठेवणारें एक लहानसें झांकण बहुधा आंत असतें. शोभेची टोपी त्यावर येते. तिच्यासाठीं तें झांकण काढणें म्हणजे पागोट्यासाठीं डोकें कापण्यासारखें आहे. तुंब्याच्या छिद्राचा व्यास कॅलिपरनें एकदां नव्हे, तीन ठिकाणीं मोजावा, कारण जुनें चाक झिजून कधीं कधीं पूर्ण वाटोळें राहिलेलें नसतें. आंत किती खोल जागा आहे तीहि मोजावी. चिमटे ढिले राहिले तर टोपी भर वेगांत उडून जाईल, आणि ती कोणाला लागेल हें कोणालाच सांगतां येणार नाहीं.

दुसरा प्रश्न असा, कीं ती फिरतांना तोल राखील काय? येथें आपल्या रानांतील एक नमुना घेऊं. पळसाला पानें तीनच, असें आपण म्हणतों. तीन पंखांच्या टोपीसाठीं याहून जवळचा व सुंदर आधार कोठें मिळावा? परंतु खरें त्रिदल हातांत घेऊन पाहा. मधलें दल बाजूच्या दोहोंहून मोठें असतें. झाडावर तें शोभतें, कारण पान चाकासारखें फिरत नाहीं. तें जसेंच्या तसें धातूंत उतरविलें तर एक बाजू जड होईल. टायरसह साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर, मध्यबिंदूपासून पांच सेंटिमीटर अंतरावर, अवघे पन्नास ग्रॅम अधिक पडले असें समजा. ताशीं साठ किलोमीटर वेगांत ते पन्नास ग्रॅम सुमारें पाऊण किलो वजनाइतक्या जोरानें चाकाला बाहेर ओढतील. वेग दुप्पट झाला तर ती ओढ चौपट होईल. वर्तुळाकार गतीचें सूत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. म्हणून संकल्पकानें तिन्ही दलें सारखीं करावीं, १२० अंशांच्या अंतरावर बसवावीं, आणि पळसाची ओळख आकाराच्या फरकांतून न देतां शिरांच्या रेषांतून द्यावी. निसर्गाची नक्कल करणें वेगळें आणि निसर्गापासून शिकणें वेगळें.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ती कोणाला लागणार तर नाहीं? याची परीक्षा सोपी आहे. टायरच्या बाहेरच्या अंगाला एक सरळ पट्टी आडवी लावावी. टोपीचा कोणताहि भाग त्या पट्टीला टेकतां कामा नये. पंख आंतल्या खोलगट भागांतच निजलेले असावेत. प्रत्येक कडा बोटाला गोल लागली पाहिजे. या तीन परीक्षांत उतरलेलें चित्र मग खुशाल ओतकामाला द्यावें. लांकडी नमुना, वाळूचा साचा, पितळ किंवा ॲल्युमिनियम, लेथ, घोटाई, निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा थर, असा हा क्रम आहे. तापलेला धातु निवतांना आकसतो, म्हणून नमुना किंचित् मोठा ठेवावा लागतो. क्रोमियमच्या मुलाम्याचें पाणी विषारी असतें. तें काम जाणत्या कारखान्यावरच सोपवावें.

आणखी एक गोष्ट सचोटीची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या फियाट व पद्मिनी मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशकें टॅक्सी म्हणून धांवल्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें पद्मिनी टॅक्सीची सेवा संपली. आतां ज्या मोटारी हौसेनें जपल्या जात आहेत, त्यांच्या हरवलेल्या टोप्या कारखाना पुरविणार नाहीं. त्या नव्यानें घडवाव्या लागतात. २०२१ सालीं झालेल्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनें व मूळ स्वरूपांत राखलेलें वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवितां येतें. अशा मोटारीवर आपली कल्पना चालवूं नये. मूळ टोपीचीच निष्ठेनें प्रतिकृति करावी. मात्र ती जुनी म्हणून विकूं नये. आंतल्या, न दिसणाऱ्या बाजूस कारागिरानें आपली खूण व सन कोरून ठेवावा. बाहेरची बाजू जगासाठीं असते; आंतली बाजू सदसद्विवेकबुद्धीसाठीं.

कोणी म्हणेल, जुन्या मोटारी हा धनिकांचा छंद आहे. आमच्या मुलांना त्याचें काय? मोटार धनिकाची असेल, परंतु टोपीचें चित्र आंखणारा, साचा करणारा व लेथवर उभा राहणारा मनुष्य बहुधा आपल्यासारख्याच घरचा असतो. त्याच्या विद्येला कमी लेखण्याची खोड आपल्या समाजाला फार दिवसांपासून जडली आहे. मुलगा कचेरींत बसला तर पेढे वांटले जातात. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत गेला तर शेजारी विचारतात, गुण कमी पडले काय? पालकांनीं राजांच्या पहिल्या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचावा. शलमोनाच्या मंदिरासाठीं पितळेचें काम करणारा हिराम हा एका विधवेचा मुलगा होता. शास्त्र त्याचें वर्णन ज्ञानानें व कौशल्यानें पूर्ण असें करितें. त्यानें केलेल्या दहा चौरंगांच्या फळ्यांवर सिंह, बैल व करूब होते. परंतु चाकांविषयीं बोलतांना आंस, धांवा, आरे व तुंबे सारे ओतीव होते, एवढेंच सांगितलें आहे. शोभा फळीवर, बळ चाकांत, असा विवेक त्या कारागिरानें राखला असें मला वाटतें. आपल्या मुंबईंतहि १८५७ सालीं स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेंत १८६६ पासून चित्र व शिल्प यांच्या जोडीला नक्षीदार लोहकामाची कार्यशाळा होती. हातोडा आणि कुंचला हे एकाच घरांतले भाऊ आहेत, हें तेव्हांच्या शिक्षकांस कळलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याजवळ जुनी मोटार नसेल. तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल तर आहे! त्याच्या चाकांसाठीं यंदा पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची टोपी स्वतः आंखा. कडा दुमडा, तोल पाहा, आणि ती धाकट्या भावंडाच्या बोटांना लागत नाहीं ना, याची खात्री करून घ्या. जो मुलगा किंवा मुलगी एवढी काळजी घेईल, तिच्या हातीं पुढें मोटारीचें चाक, यंत्राचें चक्र किंवा गांवाचा कारभार कांहींहि आला, तरी रस्त्यानें चालणाऱ्या परक्या माणसाला भिण्याचें कारण राहणार नाहीं.