पाच चषकांचे विस्मरण

मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात एक मोठी पोकळी आहे आणि ती कोणालाच खुपत नाही, ही आमची तक्रार. संमेलनांचा इतिहास आहे, ग्रंथालयांचा आहे, नाट्यमंडळ्यांचा आहे. या भूमीतली माणसे कोणत्या संघासाठी टाळ्या वाजवीत होती, याचा मात्र कुठे पत्ता नाही. साहित्याच्या अभ्यासकांचा आणि खेळाच्या क्लबाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरण आमच्या घरचेच घेऊ. हदगाव हा नांदेड जिल्ह्याचा पैनगंगेकाठचा तालुका. आज नदीपलीकडे उमरखेड, म्हणजे विदर्भ. १९५६ पूर्वी हीच नदी दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे वऱ्हाड आणि अलीकडे हैदराबाद. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हदगावची राजधानी हैदराबाद होती. कज्जा असो, नोकरी असो वा वरचे शिक्षण, वाट तिकडेच जात असे. नांदेडचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले ते काही अपवाद म्हणून नव्हे, ती त्या काळची रीतच होती.

याच राजधानीत ‘हैदराबाद सिटी पोलीस’ नावाचा एक फुटबॉल संघ होता. १९५० ते १९५४ या सलग पाच वर्षांत त्याने रोव्हर्स चषक जिंकला. ही स्पर्धा भरत असे मुंबईला, कूपरेजच्या मैदानावर. १९५० पासून संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९६३ साली मृत्यू येईपर्यंत भारताच्या राष्ट्रीय संघाची धुराही त्यांच्याकडेच होती. १९५१ चे दिल्लीचे आणि १९६२ चे जाकार्ताचे आशियाई सुवर्णपदक त्यांच्याच कारकिर्दीतले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून जिंकलेल्या जाकार्ताच्या त्या पदकानंतर फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आपल्याकडे पुन्हा आलेले नाही.

आता तारखांकडे पाहावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले आणि उपान्त्य फेरी गाठली. मुंबईचा नेव्हिल डिसूझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. त्या चमूत नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, झुल्फिकारुद्दीन, तुळसीदास बलराम अशी हैदराबादच्या मैदानांवर घडलेली माणसे होती. एक महिना आधी ती आमच्या राज्याची माणसे होती. भारत चौथा आला, तोवर ती परक्या राज्याची झाली होती. राज्याची सीमा हलली हे ठीकच. स्मृतीची सीमाही त्याच रात्री आणि तितक्याच मुकाट्याने का हलली, हा आमचा प्रश्न आहे.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप असा, की हा निजामाच्या राजवटीचा वारसा आहे, त्याचे कौतुक आम्ही का करावे? या आक्षेपामागे जखम आहे आणि तिचा आम्ही अनादर करीत नाही. रझाकारांचे अत्याचार आमच्या गावांनी सोसले आहेत. अनंत भालेरावांनी हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम लिहिला तो आमचा ठेवा आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनी निदान वर्षे तरी मोजावीत. निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. पाच रोव्हर्स चषक त्यानंतरचे, म्हणजे स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्याचे. १९५२ साली त्या राज्याचे विधानसभा सदस्य निवडायला आमच्याही तालुक्याने मतदान केले होते. ज्या राज्याला आम्ही मत दिले, त्या राज्याचा चषक तेवढा परका कसा? मराठवाड्याच्या इतिहासलेखनात १९४८ ते १९५६ ही आठ वर्षे नुसत्या प्रतीक्षालयासारखी येतात. मुक्ती झाली, मग महाराष्ट्राची गाडी यायची वाट पाहिली. त्या आठ वर्षांत माणसे जगलीच नाहीत काय?

दुसरा आक्षेप असा, की फुटबॉल हा आपला खेळच नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी एकवार कोल्हापूरला जाऊन यावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही कुस्तीच्या आखाड्यांची नावे आज फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. तालमीतून फुटबॉल उगवतो हे मराठी समाजशास्त्राला आणि मराठी कादंबरीला केवढे आव्हान! ते कितीजणांनी घेतले?

तिसरा आक्षेप सर्वांत विद्वान आणि म्हणून सर्वांत घातक. क्लबाचा इतिहास म्हणजे स्मरणिकेचा मजकूर, त्यात वाङ्मयीन काय? मान्य. आपल्याकडे असा इतिहास बहुधा अध्यक्षांची छायाचित्रे आणि जाहिराती यांच्या मधल्या जागेतच छापला जातो. पण हा दोष लिहिणाऱ्यांचा, विषयाचा नव्हे. बडोद्यात बसून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. ती परंपरा साहित्याच्या वर्गाने कधी आपली मानली नाही, एवढेच.

क्लबाच्या इतिहासात काय सापडू शकते, याचे एक दूरचे उदाहरण देतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्याच फिनलंडमध्ये ‘रेइपास’ नावाचा क्लब होता. १८९१ साली विपुरी शहरात तो स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात ते शहर सोव्हिएत संघाकडे गेले आणि तिथली माणसे निर्वासित झाली. क्लबही त्यांच्यासोबत लाहती या गावी आला. गाव गेले, नाव राहिले. १९६३, १९६७ आणि १९७० साली त्याने देशाचे अजिंक्यपद जिंकले. पुढे आयाक्सकडून खेळून युरोपभर गाजलेला यारी लितमानेन याच क्लबाचा. १९९६ साली रेइपास दुसऱ्या क्लबात विलीन झाला. हरवलेल्या शहराची आठवण एका फुटबॉल संघाने अर्धशतक वाहिली, हे कादंबरीचे द्रव्य नाही तर काय आहे?

आमच्याकडे उलटे झाले. गाव जागच्या जागी राहिले, नाव गेले. सिटी पोलीस पुढे आंध्र पोलीस झाला आणि हळूहळू मावळला. रोव्हर्स चषकही २००० च्या सुमारास बंद पडला. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. २०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी मोडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुढे २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलून नव्या नावाने उभा राहिला. विपुरीचा क्लब माणसांमागून गेला होता, हे क्लब भांडवलामागून गेले. ज्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही असे क्लब हलवणे सोपे असते, कारण अडवायला कोणाची आठवण आडवी येत नाही.

रहीमसाहेबांवर २०२४ साली हिंदीत ‘मैदान’ हा चित्रपट आला. तो पाहून हैदराबादेत माणसे हळहळली असतील. नांदेड-लातुरात किती जणांना वाटले, की ही आपल्याच राजधानीची गोष्ट आहे? तुळसीदास बलराम २०२३ साली गेले. त्या पिढीचे खेळाडू आता जवळजवळ उरले नाहीत, पण त्यांना कूपरेजवर किंवा हैदराबादेत खेळताना पाहिलेले, आज नव्वदीकडे झुकलेले कोणी वृद्ध आमच्या गावांत अजून असू शकतात. त्यांची भाषा उर्दूमिश्रित मराठी आहे. तिच्यात ‘सामना’ही येतो आणि ‘मुकाबला’ही. ती भाषा त्यांच्याबरोबरच जाणार.

मराठी विभागातील प्राध्यापक मित्रांना आमची सूचना साधी आहे. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावरचा आणखी एक प्रबंध एक वर्ष थांबू शकतो. विद्यार्थ्याच्या हाती एक वही द्या आणि त्याला आजोबांच्या पिढीकडे पाठवा. तुमच्या वेळी कोणता खेळ होता, कोणाचा संघ होता, बातमी कशी यायची, इतकेच त्याने विचारावे. उत्तर ‘काहीच नव्हते’ असे आले, तर तेही लिहून घ्यावे, तोही इतिहासच. पण न विचारताच ‘काही नव्हते’ असे ठरवून टाकण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

वृद्ध थांबत नाहीत, प्रबंध थांबू शकतात. तूर्त इतकेच.