गाडीच्या संगणकावर सत्ता कोणाची?

वणीहून राजूरकडे जाणारा रस्ता कोळशाचा आहे. खाणीतून निघालेले ट्रक, चुनखडी आणि चुना वाहणारी वाहने आणि त्यांनी उडविलेली काळी-पांढरी धूळ हे या भागाचे जुने चित्र. या चित्रात गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही. या रस्त्यावरून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या वाहनात, मग ती महाविद्यालयीन तरुणाची मोटारसायकल असो, शिक्षकाची लहान मोटार असो की कोळशाचा दहा चाकी ट्रक असो, एक छोटा संगणक बसविलेला असतो. इंजिनात इंधन किती जावयाचे, ठिणगी केव्हा पडावयाची आणि पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्ह केव्हा उघडावयाचे हे तो ठरवितो. या संगणकाची आज्ञा बदलून देणाऱ्या उपकरणांचा आणि कारागिरांचा बाजार मोठ्या शहरांत केव्हाच उभा राहिला. तो आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचतो आहे. वाहन ज्याने पैसे मोजून घेतले त्याचे, पण त्यातील आज्ञावली कोणाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

प्रश्न समजण्यासाठी इंजिनाचे थोडे अंतरंग पाहावे लागेल. हवा आत घेणारा आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा असे दोन प्रकारचे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच्या उंचवट्यांमुळे उघडतात व मिटतात. जुन्या इंजिनात ही वेळ कायमची ठरलेली असे. इंजिन संथ फिरत असताना जी वेळ सोयीची, ती वेगात फिरताना गैरसोयीची. त्यामुळे प्रत्येक इंजिन म्हणजे एक तडजोड होती. आल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने १९८० मध्ये विक्रीच्या मोटारीत ही वेळ बदलण्याची सोय प्रथम आणली. १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक पद्धती आणली आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे २०११ च्या मारुती स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात ती आली. २०१८ मध्ये यामाहाच्या १५५ सीसीच्या आर-१५ मोटारसायकलीतही ती आली. त्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ७,४०० च्या पुढे गेले की दुसरा, अधिक उंच कॅम काम करू लागतो. मोटारींतील नेहमीच्या रचनेत कॅमशाफ्टच्या टोकाला एक फिरते कडे असते. इंजिनातील ऑइलच्या दाबाने ते थोडे पुढे-मागे सरकते. किती सरकावयाचे याचा हुकूम संगणक देतो, आणि तो देताना फेरे, हवेचे प्रमाण, अॅक्सिलरेटरची स्थिती, तापमान अशा अनेक गोष्टी पाहतो.

हुकमांचे हे कोष्टक कारखान्यात तयार होते तेव्हा अभियंत्याच्या डोळ्यांपुढे केवळ पुण्याची हवा नसते. डिसेंबरातील काश्मीर आणि मे महिन्यातील राजूर या दोन्ही ठिकाणी तेच इंजिन चालावयाचे असते. वणीच्या परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा आत घेणाऱ्या इंजिनात पेट्रोल वेळेपूर्वी पेट घेण्याचा, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. एअर फिल्टर कोळशाच्या धुळीने तुंबतो. ऑइल बदलण्याची तारीख उलटून जाते आणि सुटे ऑइल स्वस्त पडते म्हणून तेच भरले जाते. हे सारे गृहीत धरून कारखाना शक्तीचा काही अंश हातचा राखून ठेवतो. ट्यूनिंगवाला ग्राहकाला विकतो तो मुख्यतः हाच हातचा. आपण नवी शक्ती विकत घेतली असे ग्राहकास वाटते. वस्तुतः त्याने स्वतःच्याच इंजिनाचा विमा मोडून रोख रक्कम हाती घेतलेली असते.

हा विमा मोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत संगणकातील मूळ कोष्टक पुसून नवे भरले जाते, त्याला रिमॅपिंग म्हणतात. दुसरीत संगणकाला हात न लावता संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये एक लहान पेटी जोडली जाते. संवेदकाने पाठविलेला निरोप ही पेटी वाटेत बदलते आणि संगणक बिचारा खोट्या माहितीवर खरे निर्णय घेत राहतो. टर्बो इंजिनात अशा उपायांनी शक्तीत खरोखर मोठी वाढ होते, हे मान्य केले पाहिजे. साध्या पेट्रोल इंजिनात ती बेताचीच असते. काही कुशल कारागीर हे काम जबाबदारीने करतात. प्रत्येक बदलानंतर ते इंजिन मोजपट्टीवर चढवून पाहतात. परंतु त्यांच्याच शेजारी, गाडीच्या सॉकेटमध्ये खोवावयाची आणि ‘अॅव्हरेज’ वाढविण्याचे आश्वासन देणारी स्वस्त उपकरणेही विकली जातात. त्यांतील कित्येकांत लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे काहीही नसते.

अशा उपकरणांना गिऱ्हाईक का मिळते, याचे कारण केवळ वेगाच्या वेडात शोधणे अन्यायाचे होईल. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. तेव्हा एका लिटरमागे अंतर कमी पडणार हे ओघानेच आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच, १० टक्के मिश्रणास अनुरूप केलेल्या जुन्या रचनेच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता. ऊसउत्पादकास आणि परकीय चलनास या धोरणाचा लाभ होतो हे खरे. पण पंपावर मात्र ग्राहकास त्या प्रमाणात भाव कमी करून मिळाला नाही. खिशातून गेलेले पैसे परत मिळविण्याची वाट तो शोधणारच, आणि ट्यूनिंगची पेटी त्याला ती दाखविते. मौज अशी की, इथेनॉलमुळे बदललेले हवा-इंधनाचे प्रमाण सांभाळून घेण्याचे काम तोच संगणक ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने बऱ्याच अंशी करीत असतो. त्याच्या कानात खोटी माहिती ओतली की हे सांभाळून घेणेही बिघडते.

येथवर हा व्यवहार वाहनमालक आणि कारागीर या दोघांपुरता आहे. कोणी स्वतःचे इंजिन जाळून घेत असेल तर त्याला समजावणे एवढेच इतरांच्या हाती. परंतु अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात तो येथे धुराड्यातून बाहेर पडतो. दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे ठेवले, तर थोडा जळलेला वायू सिलिंडरातच राहतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. व्हॉल्व्हची वेळ बदलण्याच्या सोयीचा हा एक मोठा उपयोग आहे. ‘पिकअप’साठी हे गणित मोडले की धूर काळा न दिसताही हवा बिघडते. भारत स्टेज-४ मध्ये डिझेल मोटारीस किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या स्टेज-६ मध्ये ती ८० वर आली. ही घट साधण्यासाठी कारखान्यांनी आणि पर्यायाने ग्राहकांनी जो खर्च केला, तो एका पेटीने वाया जाऊ शकतो.

राजूरच्या दृष्टीने यातील अधिक गंभीर बाजू ट्रकांची आहे. नव्या जड डिझेल वाहनांत युरियाचे द्रावण धुराड्यात फवारून ही ऑक्साइडे निष्प्रभ केली जातात. द्रावण संपले की संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो. द्रावणाला पैसे पडतात, म्हणून ते भरलेलेच आहे असे संगणकास भासविणारी उपकरणे बाजारात आली. ट्रकमालकाची बचत होते ती शे-पाचशेची आणि किंमत मोजतो तो रस्त्याकाठच्या घरात राहणारा खाणकामगार. शेजारचे चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले होते. त्या पट्ट्याला लागून राहणाऱ्यांच्या फुप्फुसांवर आणखी भार टाकण्याचा अधिकार कोणाला दिला कोणी? अमेरिकेसारख्या कडक कायद्याच्या देशातही २०२० च्या सरकारी अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांतील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. केवळ कायदा लिहून हा व्यवहार थांबत नाही, हे त्यावरून दिसते.

आपला कायदा तर अजून लोखंडाकडेच पाहतो आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. परंतु नोंदणीपत्रात इंजिन क्रमांक असतो, इंधन असते, घनक्षमता असते. संगणकातील आज्ञावलीचा रकाना त्यात नाही. प्रदूषण मानकांच्या भंगासाठी कलम १९० आहे, पण भंग सिद्ध व्हावयाचा कसा? पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडी उभ्या जागी तपासतात, तर डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. कर्कश सायलेन्सर लावणारा पोरगा त्यामुळे चौकात सापडतो आणि निःशब्दपणे हवा नासविणारी गाडी प्रमाणपत्र घेऊन निघून जाते.

मग सारे संगणक कुलूपबंद करून किल्ली कारखान्याच्या हाती द्यावी काय? कारखान्यांचा इतिहास पाहता असे म्हणण्याचे धाडस होत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे बिंग फुटले ते याच आज्ञावलीतील लबाडीमुळे. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते स्वच्छ वागण्याची शिकवण कंपनीनेच संगणकाला दिली होती. पुण्याच्या ‘एआरएआय’ने येथील गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले आणि कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलाविल्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सक्तीच्या वसुलीस मनाई केली, हा भाग वेगळा. त्याआधी २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड केला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना त्या मिळू देत नाहीत, हा ठपका होता. वणीतील मिस्त्रीस संगणक वाचण्याचे साधन रीतसर मिळत नसेल, तर तो चोरवाटेने आलेले साधन वापरील आणि चोरवाटेच्या साधनाबरोबर चोरवाटेचे धंदेही येतील. दुरुस्तीचा अधिकार नाकारणे आणि फेरफाराचा बाजार वाढविणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

जुन्या गाड्यांच्या बाजाराचा विचार तर कोणी केलेलाच दिसत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, विक्रेत्यास मालाचा दोष ठाऊक आणि खरेदीदारास नाही अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे सरतो. ट्यूनिंगची पेटी दहा मिनिटांत काढता येते आणि मूळ कोष्टक पुन्हा भरता येते. दोन वर्षे ताणलेले इंजिन ‘एकहाती, कंपनी कंडिशन’ म्हणून विकले जाते. राजूरसारख्या गावात घरात येणारी पहिली मोटार पुष्कळदा अशी जुनीच असते. ती घेणाऱ्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतून आदल्या मालकाच्या हौसेचे बिल वसूल होते.

वाट अगदीच नाही असे नव्हे. सीएनजीचे किट पूर्वी असेच अनधिकृतपणे बसविले जात. पुढे मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले किट, अधिकृत जोडणी केंद्र आणि नोंदणीपत्रावर नोंद अशी पद्धत बसली. कॅलिफोर्नियात बाजारातील उपकरणांना चाचणीनंतर मान्यतेचा क्रमांक मिळतो, आणि तो असेल तर बदल वैध ठरतो. इंजिनाच्या कोष्टकालाही असाच क्रमांक देता येईल. पीयूसी केंद्रात सॉकेटला जोडून आज्ञावलीची ओळख वाचण्याची तांत्रिक सोयही आजच्या गाड्यांत आहे. अर्थात तिने रिमॅपिंग पकडले जाईल. मध्ये बसविलेली पेटी मूळ आज्ञावलीस हात लावत नसल्याने निसटेल. तिच्यासाठी धावत्या रस्त्यावर धूर मोजणारी दूरसंवेदी यंत्रेच लागतील आणि ती आधी कोळशाच्या रस्त्यांवर बसवावयास हवीत.

अडचण खर्चाची आहे. मान्यतेची चाचणी महाग ठेवली तर ती फक्त मोठ्या कंपन्यांना परवडेल आणि लहान कारागीर होता तेथेच, कायद्याबाहेर राहील. राजूरची वाहने ज्या यवतमाळच्या परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, तेथून पुण्याची चाचणी संस्था साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहे. नागपूरला एखादे विभागीय चाचणी केंद्र, त्याचे शुल्क गाडीमागे नव्हे तर कोष्टकामागे एकदाच, आणि त्यातील काही भार कोळसा वाहतुकीच्या कंत्राटांवर टाकलेला, अशी मांडणी हिशेबात बसण्याजोगी आहे. कोळशाच्या कंत्राटात ट्रकाच्या वजनाची अट असते. त्याच कागदावर युरियाच्या खरेदीची पावती जोडण्याची अट घालावयास संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.