मंजूर झाले, वसूल कधी होणार?



परीक्षा, निकाल, स्नेहसंमेलन हे आपल्या वार्तापत्राचे नेहमीचे विषय. या वेळी मात्र मी दिव्यांग व्यक्तींच्या पेन्शनबद्दल लिहीत आहे. पेन्शन नाकारली गेली, अपील केले, अपील जिंकले, आणि तरीही खात्यात पैसे आले नाहीत, अशी अवस्था काही घरांच्या वाट्याला येते. एखाद्याला पेन्शन द्यावी की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण द्यायची असे ठरल्यावरही ज्याला वाट पाहावी लागते, त्याची बाजू कोणी फारशी मांडत नाही. सगळ्यांना वाटते, त्याचे काम झाले. काम झालेले नसते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणारे कचेरीतले शब्द मला नेहमी विचारात पाडतात. ‘मंजूर’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. ज्या धातूपासून ‘नजर’ झाला, त्याच धातूपासून ‘मंजूर’ झाला. त्याचा मूळ अर्थ ‘पाहिलेले’. ‘वसूल’ हाही अरबीच, आणि त्याचा मूळ अर्थ ‘येऊन पोचणे’. साहेबांनी पाहिले म्हणजे मंजूर झाले आणि आपल्या हाती पोचले म्हणजे वसूल झाले. या दोन शब्दांमधले अंतर कापता कापता गरिबाचे वर्ष निघून जाते.

गोव्यात दिव्यांगांना दरमहा साहाय्य मिळते ते मुख्यतः दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना २००१ साली ही योजना आखली गेली. ज्येष्ठ नागरिक, निराधार महिला आणि दिव्यांग यांच्यासाठी ती आहे. तिला नाव दिले आहे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे. भाऊसाहेबांचा जन्म पेडण्याचा, १९११ सालचा. खेड्यापाड्यांत मराठी शाळा पोचल्या त्या त्यांच्या कारकिर्दीत. त्यांच्या नावाच्या योजनेचा पैसा पेडणे-डिचोलीतल्या गरजू घरी वेळेवर पोचावा, ही अपेक्षा जास्तीची म्हणता येणार नाही.

आता हा मार्ग कसा आहे ते पाहू. साहाय्यासाठी आधी अपंगत्वाचा दाखला लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकारचे अपंगत्व मानले होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सारे त्यात आले. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असते. तपासणीसाठी म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोमेकॉ गाठावे लागते. केरी-पालयेहून किंवा साळ-मेणकुऱ्याहून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तिथे न्यायचे, तर कदंब बस उपयोगाची नाही. भाड्याची गाडी करावी लागते आणि सोबत जाणाऱ्याचा रोजही बुडतो. एवढे करून कागदावर ३५ टक्के लिहिले गेले, की सारे तिथेच थांबते.

याच कायद्याच्या ५९व्या कलमाने अशा व्यक्तीला अपिलाचा अधिकार दिला आहे. पुन्हा कागद गोळा करायचे, पुन्हा तपासणी, पुन्हा गाडी. धीर न सोडता हे सारे करून माणूस अपील जिंकतो. घरात साखर वाटली जाते. आणि मग दुसरी रांग सुरू होते.

कारण अपिलाचा निकाल म्हणजे पैसे देण्याचा हुकूम नव्हे. निकालाप्रमाणे दाखला बदलून घ्यायचा, त्याची यूडीआयडी पोर्टलवर नोंद व्हायची, मग साहाय्याचा अर्ज हलायचा, पडताळणी व्हायची, मंजुरीपत्र निघायचे आणि त्यानंतर बँक. तिथे आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एका अक्षराने वेगळे निघाले, तर फाइल परत. माझ्या माहितीतल्या एका पालकांना तर अपील जिंकल्यावर ‘आता नव्याने अर्ज करा’ असे सांगण्यात आले. म्हणजे पहिल्या अर्जापासूनचे सगळे महिने पाण्यात. कचेरीचे नाव मी इथे घेत नाही, कारण दोष कोणा एका टेबलावरच्या कारकुनाचा नाही. निकाल देणारे एक, दाखला देणारे दुसरे आणि पैसे सोडणारे तिसरे. प्रत्येकाने आपापले काम केले तरी माणूस उपाशीच राहतो.

ही तक्रार आजची नाही. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दरभंग्याच्या एका खटल्यात म्हटले होते, की हिंदुस्थानात दावा लावणाऱ्याच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यानंतर सुरू होतात. त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. २०२१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाला दिवाणी न्यायालयांना बजावावे लागले, की हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे प्रकरण दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. इथे सहा महिने ही न्यायालयाने घालून दिलेली सुधारणा आहे!

शेजारच्या सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागात माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. त्यांना या विषयाची ओळख करून द्यायला नको. सैन्यातल्या अपंगत्व पेन्शनचा एक गाजलेला खटला पाहा. सिग्नल्स दळात १९८५ साली भरती झालेल्या एका शिपायाला फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ साली घरी पाठवण्यात आले आणि पेन्शन नाकारण्यात आली. उच्च न्यायालयात तो एकदा जिंकला. सरकारने वर अपील केले आणि २००९ साली तो हरला. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. घरी पाठवल्याला तोवर एकोणीस वर्षे झाली होती. पण त्या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पैसे तीन महिन्यांच्या आत द्या, नाहीतर व्याज भरा, असे न्यायालयाने लिहून ठेवले. पुढे २०१५ साली पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही सांगितले, की जवानांच्या अपंगत्व पेन्शनविरुद्ध सरकारने अपिले करत बसू नये. म्हणजे दुखणे कोणते आणि औषध कोणते, हे सरकारला ठाऊक आहे.

परदेशातही वाट पाहावी लागतेच. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे सामाजिक सुरक्षा विमा योजनेत अपंगत्व आल्यापासूनचे पहिले पाच महिने बहुधा लाभच मिळत नाही. गरजूंसाठीच्या योजनेत थकबाकी मोठी असेल, तर ती सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जास्तीत जास्त तीन हप्त्यांत देतात. हे नियम उदार आहेत असे मी म्हणत नाही. पण कधीपासूनचे पैसे आणि किती हप्त्यांत, हे लिहिलेले आहे. ज्याला तारीख ठाऊक असते तो उसनवारी तरी हिशेबाने करतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल, की पैसा जनतेचा आहे आणि पडताळणी हवीच. मयत व्यक्तींच्या खात्यांत पैसे जात राहिल्याच्या बातम्या आपण गोव्यातही वाचल्या आहेत. पडताळणीला माझा विरोध नाही. पण ती निकालाच्या आधी व्हावी. अपिलात डॉक्टरांनी तपासले, अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, आणि मगच निर्णय झाला. त्यानंतर तोच माणूस पुन्हा संशयित कसा ठरतो? शाळेत उत्तरपत्रिकेची फेरतपासणी होऊन गुण वाढले, तर आपण गुणपत्रिका बदलून देतो. त्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसवत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की अपिलाच्या निकालपत्रावरच तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. साहाय्य कोणत्या दिनांकापासून लागू, पहिला हप्ता कोणत्या दिनांकापर्यंत जमा होणार, आणि उशीर झाल्यास जबाबदार अधिकारी कोण. साहाय्य पहिल्या अर्जापासून धरावे, कारण चूक अर्जदाराची नव्हती हे अपिलाने सिद्ध झालेले असते. वेतन आयोगाचा ‘फरक’ आम्हा शिक्षकांना मागील तारखेपासून मिळतो, मग दिव्यांगालाही मिळावा. उशिराला व्याजही असावे. सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे आणि सरकारच्या चुकीने उशीर झाला तर व्याज द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितले आहे. हाच न्याय अंथरुणाला खिळलेल्या माणसाला का लागू नये?

तोवर आपण काय करायचे? पालकांनी प्रत्येक अर्जाची दिनांकासह पोच घ्यावी आणि निकालपत्राच्या चार प्रती काढून ठेवाव्यात. फाइल अडली असेल तर माहितीच्या अधिकारात ती कोणत्या दिवशी कोणाकडे गेली हे विचारावे. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केली, तर संबंधित खात्याने तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते. दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे फार थोड्यांना माहीत असते.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग आणि झेरॉक्स यंत्र या कामासाठी द्यावे. निवृत्त शिक्षक आणि कचेरीचा अनुभव असलेले माजी विद्यार्थी अर्ज लिहून देतील. आजाराचे कागद खाजगी असतात, म्हणून ते मोठ्यांनीच हाताळावेत. त्यासाठी लागणारा कागद आणि शाईचा खर्च फार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, नववी-दहावीत तुम्ही औपचारिक पत्र लिहायला शिकता. विषय, संदर्भ, दिनांक, मागणी. पाच गुणांसाठी ते पाठ करता आणि विसरता. या वर्षी आपण तोच धडा असा शिकवणार आहोत, की तुमच्या वाड्यावरच्या आजीने सांगितले तर तुम्हाला तिचे स्मरणपत्र बिनचूक लिहिता यावे. त्यात निकालाचा दिनांक आणि क्रमांक घालायला विसरू नका. पत्र नेऊन द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आपला,
मुख्याध्यापक