विश्लेषण : मालक नसलेला संघ ठरला कॅनडाचा विजेता, मात्र त्याच मोसमात मैदान आखूड करण्याचा निर्णय का?

कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलचा २०२५ चा मोसम सस्कॅचवान रफरायडर्स या संघाने जिंकला. १६ नोव्हेंबरला विनिपेगमध्ये झालेल्या ११२व्या ग्रे कप अंतिम सामन्यात त्यांनी मॉन्ट्रियल अलुएट्सचा २५-१७ असा पराभव केला. या संघाला कोणी अब्जाधीश मालक नाही, तो चाहत्यांच्या मालकीचा आहे. मात्र हा संघ विजेतेपदाकडे वाटचाल करत असतानाच, सप्टेंबरमध्ये, लीगने खेळाचे मैदानच छोटे करण्याची घोषणा केली. त्यामुळे १२ वर्षांनी आलेल्या या विजयाच्या आनंदाला ‘आपला खेळ आपला राहणार का’ या प्रश्नाची किनार आहे.

हा कोणता फुटबॉल?

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. कॅनडात मात्र फुटबॉल म्हटले की अंडाकृती चेंडू, शिरस्त्राण आणि खांद्यांवर संरक्षक कवच घातलेले खेळाडू डोळ्यासमोर येतात. हा खेळ रग्बीतून घडला आणि अमेरिकी फुटबॉलचा तो सख्खा भाऊ आहे. मात्र दोघांत ठळक फरक आहेत. अमेरिकेत एका संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात, कॅनडात १२. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. त्यामुळे येथे चेंडू हातात घेऊन रेटारेटी करत बसायला सवड नसते, लांब फेकावाच लागतो. अमेरिकेतील मैदान १०० यार्ड लांब असते, कॅनडातील ११० यार्ड आणि रुंदीनेही अधिक. संघात ठरावीक संख्येने कॅनेडियन खेळाडू ठेवणेही बंधनकारक आहे.

कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये (सीएफएल) अवघे नऊ संघ आहेत, पाच पश्चिमेचे आणि चार पूर्वेचे. जूनपासून प्रत्येक संघ १८ सामने खेळतो आणि नोव्हेंबरात, बऱ्याचदा गोठवणाऱ्या थंडीत, ग्रे कपचा सामना होतो. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी दिलेल्या या चषकाची सुरुवात १९०९ मधली.

रफरायडर्स नेमके कोणाचे?

सस्कॅचवान हा गहू आणि पोटॅश पिकवणारा, सपाट माळरानाचा प्रांत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, लोकसंख्या मात्र नाशिक शहरापेक्षाही कमी. व्यावसायिक खेळांतील मोठा संघ म्हणावा असा त्यांचा हा एकच. १९१० मध्ये राजधानी रेजिना येथे रग्बी क्लब म्हणून त्याची स्थापना झाली.

हा क्लब ना-नफा तत्त्वावर चालतो. २००४ पासून त्याने २५० डॉलरला एक या दराने भागविक्री केली. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते शेअर बाजारात विकताही येत नाहीत. मिळतो तो वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देण्याचा अधिकार. सहकारी साखर कारखान्याचा सभासद डोळ्यासमोर आणावा, फक्त उसाचे बिल वजा करून! क्लबचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो आणि त्यावर गावोगावी चर्चा झडते.

ही व्यवस्था हौसेतून आली नाही. क्लब अनेकदा बुडता बुडता वाचला आहे. १९८७ मध्ये तर दूरचित्रवाणीवरून देणग्या गोळा करण्याची वेळ आली होती. पुढे दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, याच संघाने हॅमिल्टनला ४३-४० असे हरवून ग्रे कप जिंकला.

रोजगारासाठी प्रांत सोडून अल्बर्टा वा ऑन्टारिओत गेलेल्यांनी हिरवी जर्सी सोडली नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईत राहूनही गावच्या पालखीची तारीख विसरत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे कॅलगरी किंवा विनिपेगमध्ये यजमानांविरुद्ध सामना असला तरी प्रेक्षकांत हिरवा रंग उठून दिसतो. काही जण कलिंगड पोखरून त्याचेच शिरस्त्राण डोक्यावर चढवतात. सामना संपेपर्यंत त्याचे पाणी मानेवरून ओघळत असते, पण तक्रार कोणी करत नाही.

मोसम कसा गेला?

पार्श्वभूमी निराशेची होती. २०२३ चा मोसम या संघाने सलग सात पराभवांनी संपवला. अनुभवी क्वार्टरबॅक ट्रेव्हर हॅरिस पायाच्या गंभीर दुखापतीमुळे त्या वर्षी लवकरच बाहेर गेला होता. प्रशिक्षक बदलले, टोरंटोच्या बचावफळीचे मार्गदर्शक कोरी मेस यांच्याकडे सूत्रे आली. मुख्य प्रशिक्षकपदाचा त्यांना अनुभव नव्हता. पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि शेजारच्या विनिपेगकडून हरला.

२०२५ मध्ये १८ पैकी १२ सामने जिंकून रफरायडर्स पश्चिमेत अव्वल ठरले. त्यामुळे विभागाचा अंतिम सामना रेजिनाच्या मोझेक स्टेडियमवर झाला. समोर होता ब्रिटिश कोलंबिया लायन्सचा संघ आणि त्यांचा क्वार्टरबॅक नेथन रूर्क, जो पुढे मोसमातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटच्या मिनिटांत रायडर्स पिछाडीवर होते. ११ सेकंद उरले असताना हॅरिसने टॉमी नील्डकडे चेंडू फेकला आणि टचडाऊन झाला. २४-२१. नील्ड हा ऑन्टारिओचा, कॅनडाच्याच विद्यापीठातून आलेला खेळाडू.

अंतिम सामना विनिपेगला होता, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात. या दोन संघांचे वैर जुने आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कामगार दिनाच्या सुट्टीत एक सामना रेजिनात होतो आणि पुढच्याच आठवड्यात परतीचा सामना विनिपेगमध्ये. या दुसऱ्या सामन्याला ‘बँजो बोल’ म्हणतात. विनिपेगच्या एका खेळाडूने सस्कॅचवानच्या लोकांना बँजो वाजवणारे गावंढळ अशा अर्थाने हिणवले होते, त्यावरून हे नाव पडले. २०१९ नंतर झालेल्या प्रत्येक ग्रे कपमध्ये खेळलेला विनिपेगचा संघ यंदा मात्र स्वतःच्या मैदानावर प्रेक्षकही नव्हता, कारण मॉन्ट्रियलने त्याला आधीच बाहेर काढले होते.

अंतिम सामन्यात मॉन्ट्रियलचा क्वार्टरबॅक डेव्हिस अलेक्झांडर मांडीच्या दुखापतीसह खेळला. त्यापूर्वी सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना तो हरला नव्हता. येथे मात्र त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. तरीही अखेरच्या काही मिनिटांत मॉन्ट्रियल गोलरेषेपासून तीन यार्डांवर पोहोचले होते. तेथेच त्यांच्या बदली खेळाडूच्या हातून चेंडू निसटला, तो रायडर्सने मिळवला आणि सामना तिथेच फिरला. ३९ वर्षांचा हॅरिस सामनावीर ठरला. यापूर्वी त्याच्याकडे ग्रे कप होते, पण राखीव क्वार्टरबॅक म्हणून. सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडूचा मान रायडर्सच्या सॅम्युएल एमिलसला मिळाला, जो मूळचा मॉन्ट्रियलचाच.

रायडर्सचा हा पाचवा ग्रे कप. यापूर्वीचे १९६६, १९८९, २००७ आणि २०१३ चे. १९६६ मध्ये त्यांनी ओटावाच्या रफ रायडर्सना हरवले होते. एवढ्याशा लीगमध्ये जवळपास एकाच नावाचे दोन संघ अनेक दशके सुखाने नांदले, हाही कॅनडाचाच नमुना! २००९ चा पराभव मात्र आजही सलतो. मॉन्ट्रियलची अखेरची किक हुकली, रायडर्सनी जल्लोष सुरू केला आणि तेवढ्यात कळले की त्यांचे १२ ऐवजी १३ खेळाडू मैदानात आहेत. दंड झाला, किक पुन्हा घेतली गेली आणि मॉन्ट्रियल २८-२७ ने जिंकले. यंदा त्याच मॉन्ट्रियलला हरवल्याचे समाधान वेगळेच.

नियमांचा वाद काय?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, मोसम ऐन रंगात असताना, लीगचे आयुक्त स्टुअर्ट जॉन्स्टन यांनी बदल जाहीर केले. जॉन्स्टन याच वर्षी आयुक्त झाले, त्याआधी ते क्रीडा वाहिनीच्या क्षेत्रात होते. दोन टप्प्यांत हे बदल होणार आहेत. २०२६ पासून प्रत्येक चालीसाठी ३५ सेकंदांचे घड्याळ आपोआप सुरू होईल. ‘रूज’ या खास कॅनेडियन गुणावरही मर्यादा येईल. किक मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या एंड झोनमधून, म्हणजे गोलरेषेमागील पट्ट्यातून, थेट बाहेर गेला तरी आतापर्यंत एक गुण मिळत असे. म्हणजे नेम चुकला तरी बक्षीस. आता तो मिळणार नाही.

खरी ठिणगी पडली ती दुसऱ्या टप्प्यावरून. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचे होईल, एंड झोन २० वरून १५ यार्डांवर येतील आणि गोलरेषेवरचे गोलखांब पाठीमागे सरकतील. लीगचे म्हणणे असे की, खांब मध्ये नसले की किकवर तीन गुण घेण्याऐवजी संघ टचडाऊनसाठी जोर लावतील, एंड झोन अधिकाधिक स्टेडियममध्ये सारखे बसतील आणि प्रेक्षक मैदानाच्या जवळ येतील. यात तथ्य आहे. टोरंटोतील मैदान मुळात सॉकरचे असल्याने तेथील एंड झोन आजही १८ यार्डांचेच आहेत. गोलखांबाला धडकून खेळाडू जायबंदी होण्याची भीतीही खोटी नाही.

पण १०० यार्ड का, याचे पटेल असे उत्तर मिळालेले नाही. १०० यार्ड आणि मागे गोलखांब ही नेमकी अमेरिकी मैदानाची ठेवण. म्हणूनच रूर्कने, जो स्वतः कॅनडात जन्मलेला क्वार्टरबॅक आहे, जाहीरपणे अत्यंत कडक शब्दांत टीका केली. तीन प्रयत्न, १२ खेळाडू आणि मैदानाची रुंदी यांना हात लावणार नाही, असे लीगने सांगितले आहे. मात्र ज्या वर्षी अमेरिकी अध्यक्ष कॅनडाला ५१वे राज्य म्हणून डिवचत होते आणि आयातशुल्क लादत होते, त्याच वर्षी ही घोषणा व्हावी, हे चाहत्यांना अधिकच खटकले.

लीगला बदलाची घाई का?

उत्तर पैशात आहे. सीएफएलमध्ये एका संघाची वेतनमर्यादा सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर आहे. अमेरिकेच्या एनएफएलमध्ये २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख अमेरिकी डॉलर होती. एनएफएलचे सामने कॅनडातही घरोघरी पाहिले जातात. करोनाकाळात सीएफएलने केंद्र सरकारकडे तीन कोटी डॉलरचे कर्ज मागितले, ते मिळाले नाही आणि २०२० चा संपूर्ण मोसम रद्द झाला. मोठ्या शहरांत प्रेक्षक आणणे कठीण जाते आहे. २०२४ चा विजेता टोरंटोचा संघ गर्दीच्या बाबतीत मात्र तळाला असतो. एडमंटनचा क्लब अनेक दशके समाजाच्या मालकीचा होता, तो २०२४ मध्ये एका स्थानिक उद्योजकाला विकावा लागला. आता रायडर्स आणि विनिपेग हे दोनच क्लब समाजाच्या हाती उरले आहेत.

अमेरिकेकडे झुकण्याचा प्रयोग लीगने याआधीही केला आहे. १९९३ ते १९९५ या काळात अमेरिकी शहरांत संघ काढले गेले. काही ठिकाणी ११० यार्डांचे मैदान बसेना म्हणून एंड झोन कापावे लागले. बाल्टिमोरच्या संघाने १९९५ चा ग्रे कप जिंकलाही, पण त्यानंतर अमेरिकेतील सारा डोलारा कोसळला.

रायडर्सच्या सभासदांपुढचा पेच?

क्लबची मालकी सभासदांकडे असली तरी खेळाचे नियम लीग ठरवते, आणि लीगमध्ये रायडर्सचे मत नऊपैकी एक. हे बदल मंजूर करणाऱ्यांत त्यांच्या क्लबचे प्रतिनिधीही होते. म्हणजे भागधारक आपल्या संचालकांना वार्षिक सभेत जाब विचारू शकतात, मात्र मैदानाची लांबी वाचवू शकत नाहीत. २०१७ मध्ये सुरू झालेले मोझेक स्टेडियम तर कॅनेडियन मैदानाच्या मापानेच बांधलेले. तेथे जागेची अडचण कधीच नव्हती. टोरंटोची अडचण सोडवण्यासाठी रेजिनाचे मैदान का कापायचे, हा तेथील सवाल म्हणूनच गैरलागू ठरत नाही.

२०२६ मध्ये रायडर्स गतविजेते म्हणून उतरतील. त्या मोसमाचा ग्रे कप कॅलगरीत आहे. जाहीर वेळापत्रक कायम राहिले तर ११० यार्डांच्या मैदानावरचा तो शेवटचा अंतिम सामना असेल.