पेशव्यांचं चित्र फॉरवर्ड करताय? आधी नाव तरी बघा

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या उपनगरातल्या तीन ग्रुपांवर एकच चित्र आलं. तरुण पेशवा बसलाय, शेजारी नाना फडणवीस, मागे सेवक. खाली मजकूर : 'थोरले माधवराव. इंग्रजांनी लुटलेला ठेवा परत आणा!' लाइक धो धो.

अहो, थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला गेले. चित्र १७९२ चं. काढणारा जेम्स वेल्स स्कॉटलंडहून मुंबईत उतरला १७९१ साली. मग थोरले त्याच्यापुढे बसले कधी?

हा मुलगा सवाई माधवराव. वय अठराच्या आसपास. जन्माआधीच बापाचा खून, चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं, कारभार नानांकडे. चित्रात नाना इतके जवळ बसलेत ते उगाच नाही.

होल्बाइनने १५३८ च्या सुमारास इंग्लंडच्या एडवर्डचं असंच चित्र लाकडी फळीवर काढलं. सव्वा वर्षाचं पोर, हातात सोन्याचा खुळखुळा, खाली लॅटिनमध्ये उपदेश : बापासारखा हो. नवव्या वर्षी राजा, पंधराव्या वर्षी मृत्यू. ते चित्र आज वॉशिंग्टनला आहे, आणि तिथे त्याला कोणी दुसऱ्याच एडवर्डच्या नावाने खपवत नाही. आपल्याकडे नाव चुकलं तरी चालतं, अभिमान बरोबर असला म्हणजे झालं!

आता लुटीचं. वेल्सने हे पुण्यात, पेशव्याला समोर बसवून काढलं. रेसिडेंट मॅलेटची ओळख होतीच. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वाड्यातून उचललं म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा. बघायला हवं असेल तर उसनं मागता येतं. वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी तशीच आली की साताऱ्याला! फक्त अर्जावर नाव बरोबर लिहा.

आणि खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला, इथे साष्टीत. कान्हेरीची लेणी चितारताना त्याला ताप भरला होता. म्हणजे आपल्या बोरिवलीची कान्हेरी! मुलुंड-घाटकोपरच्या शाळांच्या सहली तिथे जातात, पोरं डबे खातात, सेल्फी काढतात, परत येतात. वेल्सच्या नावाची पाटी मला तरी तिथे दिसलेली नाही. पुण्यात त्याच्या हाताखाली शिकलेला आपला गंगाराम तांबट, ज्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, त्याचं नाव तर किती मराठी शिक्षकांना माहीत असेल?

तेव्हा अस्मितेचं बघू नंतर. पुरातत्त्व खात्याने कान्हेरीच्या वाटेवर एक मराठी फलक लावावा. त्यावर या चित्राची प्रत, आणि तीन नावं : सवाई माधवराव, वेल्स, तांबट. आपल्या नगरसेवकांना, आमदारांना हे विचारा. मीही पत्र देतोय.

आणि ग्रुपवाल्यांनो, तो मजकूर तेवढा बदला. चित्र राहू द्या, झकास आहे.