कियांती : ‘प्राचीन परंपरे’च्या नावाखाली झालेली फेरफार

१/ इटलीच्या कियांती वाइनभोवती एक कथा हौसेने रचली गेली आहे : फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधील टेकड्यांवर शतकानुशतके तीच हद्द, तीच पाककृती, तीच निष्ठा. जाहिरातीत हे शोभते. इतिहासात ते टिकत नाही.

२/ आधी हद्द पाहावी. २४ सप्टेंबर १७१६ रोजी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने जाहीरनामा काढून चार वाइनप्रदेशांच्या सीमा ठरवल्या : कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल दार्नो दि सोप्रा. त्यात कियांती म्हणजे रादा, गायोले, कास्तेलिना आणि ग्रेव्हे-पान्झानोचा पट्टा. बस्स, एवढेच.

३/ १९३२ साली सरकारी आदेशाने याच नावाखाली सात उपप्रदेश कोंबले. पार पिसाकडच्या टेकड्याही कियांती झाल्या! कोसिमोने मुद्दाम वेगळे ठेवलेले कार्मिन्यानो मोंताल्बानोत गडप झाले आणि पोमिनो रुफिनात. त्यांना स्वतःचे नाव परत मिळायला अनुक्रमे १९७५ आणि १९८३ उजाडले. मूळ प्रदेशाच्या वाट्याला आले ‘क्लासिको’ हे विशेषण. म्हणजे घरच्या धन्यानेच दारावर ‘खरा धनी’ अशी पाटी लावायची.

४/ आता पाककृती. ‘रिकासोलींचे सूत्र’ म्हणून जे सांगितले जाते, त्याचा उगम १८७२ च्या एका पत्रात आहे. बेत्तिनो रिकासोली हे ब्रोलिओ किल्ल्याचे बॅरन. १८६१ साली काव्हूरनंतर इटलीचे पंतप्रधान झाले. पिसा विद्यापीठातील एका प्राध्यापकाला त्यांनी कळवले ते असे : सांजोव्हेझेमुळे सुगंध आणि जोम येतो, कानायोलोमुळे मार्दव. पांढऱ्या माल्वाझियामुळे वाइन हलकी, रोजच्या पिण्याजोगी होते. मुरवायच्या वाइनमध्ये ती वगळता येते.

५/ १९६७ च्या नियमावलीने मात्र १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. त्यात भरघोस पिकणारे त्रेब्बियानोही आले, ज्याला त्या पत्रात जागाच नव्हती. पत्रात मुभा होती. कायद्याने त्याची सक्ती केली आणि वर तिला परंपरा म्हटले. परिणाम पाहावा : १९७७ साली रादातील मोंतेव्हेर्तिने मळ्याने निव्वळ सांजोव्हेझेची वाइन केली. १७१६ च्या हद्दीच्या थेट गाभ्यातली ही वाइन नियमानुसार कियांती ठरू शकत नव्हती. क्लासिकोतून पांढरी द्राक्षे हद्दपार व्हायला २००६ साल लागले.

६/ आणि या वेली राखल्या कोणी? ‘मेझ्झाद्रिया’ म्हणजे आपल्याकडची अर्धेली : जमीन मालकाची, राबणार सारे कुटुंब, उत्पन्न निम्मे-निम्मे. धान्य, ऑलिव्ह आणि द्राक्षवेली एकाच शेतात. कित्येकदा वेल झाडावरच चढवलेला. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद केले. तोवर अनेक कुटुंबे शहरांकडे निघूनही गेली होती. छायाचित्रांत दिसणाऱ्या त्या ‘प्राचीन’ सरळ रांगा बहुतांशी त्यानंतरच्या लागवडीच्या आहेत. बाटलीवर किल्ला छापला जातो; अर्धेकऱ्यांची कितीतरी दगडी घरे आज पर्यटकांना भाड्याने दिली जातात.